सात नंबरचा मॅकॉ आणि आमच्या मुलींचा संघ

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाळा आहे. मी तिथे शारीरिक शिक्षण शिकवते. स्वतः विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळले आहे, त्यामुळे शाळेत कबड्डी, खो-खो आणि मैदानी शर्यती आधीपासून जोरात. रग्बी आमच्याकडे आली ती शालेय स्पर्धांच्या यादीतून. क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत यादी वाचली जात होती. मुलींच्या रग्बीचं नाव आलं तेव्हा कुणी संघ द्यायला तयार होईना, म्हणून मी हात वर केला. माझा हिशेब सरळ होता. आमच्या मुलींची पकड चांगली आहे, दम चांगला आहे, आणि ज्यांना तालुक्याच्या कबड्डी संघात जागा मिळत नाही अशा मुलींनाही जिल्ह्यापर्यंत खेळायला मिळेल.

कबड्डी येणाऱ्या मुलींना रग्बी सोपी जाईल असं कुणालाही वाटेल. पण अडचण नेमकी तिथेच आली. कबड्डीत आपण शिकवतो, एकदा धरलं की सोडायचं नाही. चढाईवालीचा दम सुटेपर्यंत घोटा हातातून सुटता कामा नये. रग्बीत टॅकल करून समोरचीला खाली पाडलं की लगेच सोडावं लागतं, बाजूला लोळावं लागतं. जी पडली तिनेही चेंडू सोडायचा. मग पायावर उभ्या असलेल्या मुलींनी त्या चेंडूसाठी भिडायचं, तेही आपल्या बाजूने, मागून येऊन. कडेने घुसलं तर पेनल्टी. या भिडण्याला रक म्हणतात. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागे किंवा आडवा द्यायचा आणि पळायचं मात्र पुढे, हे मुलींनी पटकन उचललं. रक काही केल्या जमेना. पडलेल्या मुलीला धरून चार-चारजणी चिकटून बसायच्या आणि मी शिट्ट्या वाजवत राहायची.

मैदानाचाही प्रश्न होता. आमची काळी जमीन. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चप्पल रुतून बसेल असा चिखल. अशा जमिनीवर पोरींना आपटायला लावणं मला पटणारं नव्हतं. म्हणून शाळेत आम्ही फक्त स्पर्शाची रग्बी खेळायचो, म्हणजे दोन्ही हातांनी शिवलं की टॅकल झालं असं धरायचं. खऱ्या टॅकलचा सराव नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. डोकं कुठे ठेवायचं, गाल समोरचीच्या मांडीच्या मागे कसा चिकटवायचा, खांदा आधी कसा लागला पाहिजे, हे जमल्याशिवाय मी कुणालाही पळत टॅकल करू दिलं नाही. खांद्याच्या वर हात गेला की त्या दिवसाचा सराव बंद. यावर मुली रुसायच्या, पण मी हलले नाही.

पालकांना समजावणं हे वेगळंच काम. एका मुलीचे वडील माझ्यासमोर खाटेवर बसून शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरना हातपाय मोडनात तं कपाशी कोन वेची?" प्रश्न खरा होता. वेचणीच्या दिवसांत त्यांच्या घरात प्रत्येक हाताची मजुरी मोजली जाते. मी त्यांना सगळं सांगितलं: दुखापत होऊ शकते, ती कमी व्हावी म्हणून मी काय करते, आणि वेचणी असेल त्या दिवशी मी मुलीला सरावाला बोलावणार नाही. ते एकदा नदीवर येऊन सराव बघून गेले आणि मुलगी संघात आली.

रक समजवायला मला चांगलं उदाहरण हवं होतं. मी रात्री मोबाइलवर सामने बघायला लागले आणि त्यातून रिची मॅकॉ सापडला. न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघाचा हा कर्णधार 2015 सालीच निवृत्त झाला, म्हणजे आमच्या मुली तेव्हा अंगणवाडीत होत्या किंवा त्याहून लहान. पण पडलेल्या चेंडूवर सगळ्यांत आधी कोण पोचतं, पायावर उभं राहून वाकतं कसं, पंचाने "सोड" म्हटल्याबरोबर हात कसा काढून घेतं, हे दाखवायला त्याच्यापेक्षा चांगला माणूस मला मिळाला नाही. तो सात नंबरवर खेळायचा. पंधराजणांच्या रग्बीत ही ओपनसाइड फ्लँकरची जागा. याचं मुख्य काम म्हणजे स्क्रम (दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड खेळाडू वाकून एकमेकांना रेटतात तो) सुटला की सगळ्यांत आधी निघायचं, टॅकल करायचं, उठायचं, चेंडू हिसकायचा, आणि पुन्हा तेच. आम्ही खेळतो ती सातजणांची रग्बी, सात मिनिटांचे दोन डाव. त्यात फ्लँकर अशी जागाच नसते, स्क्रममध्ये रेटणाऱ्या तीन फॉरवर्ड आणि मागे चार बॅक. त्यामुळे मी मुलींना सांगितलं, मॅकॉचं काम सातहीजणींनी करायचं आहे.

शाळेच्या प्रोजेक्टरवर, प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद लावून मी त्याचे सामने दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मुलींना खेळापेक्षा हाकामध्ये, म्हणजे ऑल ब्लॅक्स सामन्याआधी करतात त्या माओरी नाचामध्ये, रस होता. दुसऱ्या वेळी एकीने विचारलं, "मॅडम, हा कुठला? म्हणजे गाव कुठलं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की नुसती पकड दाखवून भागणार नाही, माणूस सांगावा लागेल. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले आणि दर आठवड्याला थोडं थोडं सांगायला लागले.

मॅकॉचा जन्म 31 डिसेंबर 1980 चा, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या ओआमारू गावातला. वाढला तो हाकाटारामेआ नावाच्या खोऱ्यात, आईवडिलांच्या शेतीवर. मेंढ्यांची शेती. जवळपास मोठं गाव नाही. तेराव्या वर्षी डनीडनच्या ओटॅगो बॉइज हायस्कूलमध्ये वसतिगृहात राहायला गेला आणि खरी रग्बी तिथे सुरू झाली. हे ऐकताना वर्गात जी शांतता होती ती मला अजून आठवते. आमच्या निम्म्या मुली वसतिगृहात राहतात, आईवडील डोंगरातल्या पाड्यावर किंवा गुजरातला मजुरीला. घर सोडून शिकायला आलेला, मेंढ्या राखणाऱ्या घरातला मुलगा त्यांना एकदम कळला. त्याची ट्रॉफी कळायला मात्र बराच वेळ लागला.

मामाची गोष्टही त्यांना आवडली. रिची सतरा-अठरा वर्षांचा असताना मामाने त्याला हॉटेलात बसवून विचारलं, तुला काय व्हायचंय? तो म्हणाला, ऑल ब्लॅक. मामाने टेबलावरचा कागदी रुमाल पुढे ओढला आणि तिथवर पोचायला कुठल्या वर्षी कुठल्या संघात असलं पाहिजे ते लिहून काढलं. मग म्हणाला, नुसता ऑल ब्लॅक नाही, महान ऑल ब्लॅक असं लिही आणि खाली सही कर. मुलाला एवढं मोठं लिहायला संकोच वाटला म्हणून त्याने नुसती आद्याक्षरं लिहिली आणि कागद कपाटात लावून ठेवला. नोव्हेंबर 2001 मध्ये, विसाव्या वर्षी, तो डब्लिनला आयर्लंडविरुद्ध पहिली कसोटी, म्हणजे पहिला आंतरराष्ट्रीय सामना, खेळला आणि त्याच सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आमच्या मुलींनी वह्यांच्या शेवटच्या पानावर काय काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मीच त्यांना सांगितलं होतं की ते पान माझं नाही.

त्याच्याबद्दल एक तक्रार कायम होती, आणि तीही मी मुलींपासून लपवली नाही. विरोधी संघांचे चाहते त्याला लबाड म्हणायचे. हा नेहमी कडेने येतो, पंच याला काही म्हणत नाहीत, असं ऑस्ट्रेलियात तर उघड बोललं जायचं. माझं मत असं की तो नियमाच्या काठावर खेळायचा, आणि काठ कुठे आहे ते पंच प्रत्येक सामन्यात कुठे धरतो हे बघून ठरवायचा. ही हुशारी आहे. पण तो काठ कधीतरी ओलांडलाही जायचा. 2015 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने खाली पडल्या पडल्या पाय आडवा घालून एकाला पाडलं. पिवळं कार्ड मिळालं आणि जगज्जेत्या संघाचा कर्णधार दहा मिनिटं बाहेर खुर्चीवर बसला. तो तुकडा मी मुद्दाम दोनदा दाखवला. शिक्षा झाल्यावर वाद न घालता तो जाऊन बसतो, एवढंच बघा म्हटलं.

आता कर्णधार निवडायचा होता. मुलींच्या मनात नाव ठरलेलं होतं. सगळ्यांत वेगाने पळणारी, मोठ्या आवाजाची, कबड्डीतली आमची चढाईपटू. मीही तिचंच नाव देणार होते. पण त्याआधी 2007 चा सामना दाखवावा असं मला वाटलं.

6 ऑक्टोबर 2007, कार्डिफ, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, न्यूझीलंड विरुद्ध फ्रान्स. याच मैदानावर 2004 मध्ये मॅकॉने पहिल्यांदा संघाचं नेतृत्व केलं होतं आणि वेल्सला 26-25 असं हरवलं होतं. 2006 पासून तो कायमचा कर्णधार होता. फ्रान्सविरुद्ध मध्यंतराला त्यांच्याकडे 13-3 अशी आघाडी होती. शेवटी हरले, 20-18. विश्वचषकात उपांत्य फेरीसुद्धा गाठता आली नाही असं न्यूझीलंडचं हे पहिल्यांदाच झालं. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय होतो. फ्रान्सच्या शेवटच्या ट्रायआधीचा एक पास सरळ पुढे गेला होता आणि पंचांना तो दिसला नाही. त्यावर न्यूझीलंडमध्ये कितीतरी वर्षं लोक चिडून होते.

मी शेवटची दहा मिनिटं लावली आणि पुन्हा पुन्हा थांबवून विचारलं, आता तुम्ही काय कराल? दोन गुणांनी मागे आहात. पळता पळता चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारला, म्हणजे ड्रॉप गोल केला, तर तीन गुण. न्यूझीलंडचे खेळाडू मात्र चेंडू उचलून धडकत राहिले, पुन्हा धडकत राहिले. अगदी शेवटी लांबून एकाने लाथ मारून बघितली, ती फसली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाली, "मॅडम, यास्ले काही सुचतच नही ना." एवढे पट्टीचे खेळाडू, आणि त्यांना सुचत नव्हतं. तिने अचूक पाहिलं होतं. ही मुलगी फार कमी बोलायची. तिचा आवाज त्या वर्गात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

हरल्यानंतर जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. लोक प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांना काढा म्हणत होते. मंडळाने त्यांना ठेवलं आणि मॅकॉलाही कर्णधार ठेवलं. मॅकॉने पंचांच्या चुकीत अडकून न राहता स्वतःच्या शेवटच्या मिनिटांतल्या निर्णयांवर काम सुरू केलं. संघाचे मानसिक तयारीचे प्रशिक्षक गिल्बर्ट एनोका होतेच, त्यांनी केरी एव्हान्स यांची मदत घेतली. एव्हान्स मनोविकारतज्ज्ञ, आणि स्वतः न्यूझीलंडकडून फुटबॉल खेळलेले. त्यांनी दोन रंग सांगितले. लाल डोकं म्हणजे घाबरलेलं, चिडलेलं, मागच्या चुकीत किंवा पुढच्या निकालात अडकलेलं. निळं डोकं म्हणजे आत्ता समोर काय आहे ते बघणारं. लालातून निळ्यात यायला प्रत्येकाने आपली खूण ठरवायची. मॅकॉ श्वास घेऊन पाय जमिनीवर आपटायचा. कीरन रीड स्टेडियमच्या सगळ्यांत लांबच्या टोकाकडे बघायचा. ब्रॅड थॉर्न अंगावर पाणी ओतायचा.

हा भाग आम्ही खरंच करून बघितला. प्रत्येकीने आपली खूण शोधायची असं ठरलं. एकजण वेणी मागे टाकून घट्ट ओढायची. एकजण दोन्ही तळहात मातीला लावायची. कमी बोलणारी ती मुलगी सातपुड्याच्या रांगेकडे बघायची. मी विचारलं, जळगावला मैदानातून डोंगर दिसला नाही तर? म्हणाली, "दिशा तर माहीत असते ना, मॅडम." मग सराव सामन्यात मुद्दाम मी गोंधळ घालायची. चुकीची शिट्टी द्यायची, एका बाजूची एक मुलगी कमी करायची, दोन मिनिटं राहिली म्हणून ओरडायची. यात कोण काय करतं ते वहीत टिपत गेले. कोणी किती टॅकल केले, टॅकल करून कोण आधी उठलं, आणि सगळं बिघडल्यावर बाकीच्या मुली कुणाकडे बघतात.

टॅकल मोजायचं सुचलं ते त्याच कार्डिफच्या सामन्यामुळे. फ्रान्सचा तिएरी द्युसातुआर त्या दिवशी 38 टॅकल करून गेला, शिवाय एक ट्रायही केला. एका माणसाने एका सामन्यात 38 वेळा पळणाऱ्या माणसाला जमिनीवर आणायचं आणि पुन्हा उठायचं. आमच्या मुलींनी आकडा ऐकून तोंडावर हात ठेवला होता. पुढे तो फ्रान्सचा कर्णधार झाला. 2011 च्या अंतिम सामन्यात मॅकॉसमोर तोच उभा होता, फ्रान्सचा एकमेव ट्राय त्यानेच केला, आणि हरलेल्या संघात असूनही सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. मॅकॉला हा मान 2006, 2009 आणि 2010 असा तीनदा मिळाला होता. आमच्या संघात दोन गट पडले, मॅकॉवाल्या आणि द्युसातुआरवाल्या, आणि खरं सांगायचं तर मी मनातून दुसऱ्या गटात होते.

वहीने जे दाखवलं ते सगळ्यांना दिसतच होतं. बिघडलं की मुली त्या कमी बोलणाऱ्या मुलीकडे बघायच्या. ती दोनच शब्द बोलायची, "इकडे ये" किंवा "तू जा." मी संघाला बसवून वही वाचून दाखवली आणि नाव त्यांनाच सांगायला लावलं. मोठ्या आवाजाच्या मुलीला वाईट वाटलं. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी आली, म्हणाली, मैदानावर ओरडायचं काम तरी माझ्याकडे ठेवा. तिला उपकर्णधार केलं, आणि टॅकलची रांग पुढे न्यायची तेव्हा ओरडायचं ते तिनेच.

2011 ची गोष्ट सांगायला मी सगळ्यांत उशीर केला. त्या वर्षी 22 फेब्रुवारीला ख्राइस्टचर्चमध्ये भूकंप झाला, 185 माणसं गेली. मॅकॉ तिथल्याच क्रुसेडर्स संघाचा कर्णधार. शहरातले विश्वचषकाचे सामने दुसरीकडे हलवावे लागले. त्याच वर्षी त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं होतं, त्यात स्क्रू बसवला होता, आणि स्पर्धा चालू असताना ते पुन्हा दुखावलं. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत त्याला सराव जवळजवळ करताच येत नव्हता. तशा पायाने तो 23 ऑक्टोबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर अंतिम सामना पूर्ण खेळला. न्यूझीलंड 8, फ्रान्स 7. चोवीस वर्षांनी विश्वचषक.

ऐकायला ही गोष्ट फार मोठी वाटते, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला सांगायला तेवढीच धोक्याची. मोडलेल्या पायाने खेळायचं असतं असा अर्थ आमच्या मुलींनी घेतला असता तर मला चाललं नसतं. त्यांची हाडं अजून वाढताहेत. दुखापत झाली तर तालुक्याच्या गावापर्यंत न्यायला जीप शोधावी लागते. मॅकॉ तीस वर्षांचा होता, पूर्ण वेळ त्याच कामाचा पगार घेत होता, आजूबाजूला डॉक्टरांची फौज होती आणि त्याने स्वतःच्या जबाबदारीवर ते ठरवलं होतं. हे सगळं मी गोष्टीसोबत सांगितलं. आणि त्याच मॅकॉला 2004 मध्ये डोक्याला मार बसल्यावर सामने सोडून घरी बसावं लागलं होतं, हेही सांगितलं. डोक्याचा मार लागलेली मुलगी त्याच क्षणी बाहेर, कितीही नाही म्हणाली तरी बाहेर. पाय, गुडघा, खांदा दुखला तर मला सांगणं हे कर्णधाराचं पहिलं काम, स्वतःचा दुखला तरी.

2011 च्या त्या अंतिम सामन्यातला माझा आवडता माणूस स्टीफन डोनाल्ड. संघाचा मुख्य फ्लाय-हाफ, म्हणजे चाली ठरवणारा दहा नंबरचा खेळाडू, डॅन कार्टर स्पर्धेत मध्येच जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड जायबंदी झाला. तिसरा आरन क्रूडन अंतिम सामन्यातच लंगडत बाहेर गेला. चौथा डोनाल्ड. त्याला निवडलेलंच नव्हतं. बोलावणं आलं तेव्हा तो नदीवर बारीक मासे पकडत होता. त्याने मैदानात येऊन जी पेनल्टी मारली ते तीन गुण शेवटी उपयोगी पडले. राखीव मुलींना मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की त्या माझ्याआधी पुढचं वाक्य म्हणायच्या.

जळगावला जिल्हा क्रीडा संकुलात आमचे सामने झाले. प्रवास पहाटेचा, जीपमध्ये दाटीवाटीने, डब्यात दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पहिला सामना आम्ही जिंकला. मुली रकमध्ये धरून बसल्या नाहीत, आणि माझ्यासाठी जिंकण्याइतकंच ते मोठं होतं. दुसऱ्या सामन्यात समोरचा संघ आमच्यापेक्षा बराच अनुभवी होता. दुसऱ्या डावात आम्ही एका ट्रायने, म्हणजे पाच गुणांनी मागे. आमच्या कर्णधाराने एक टॅकल केला, उठली, दोन पावलं टाकली आणि थांबली. घोटा मुरगळला होता. मी उभी राहिले तोवर तिने पंचांकडे हात केला आणि स्वतःच रेषेकडे लंगडत आली. "मॅडम, तिला पाठवा," एवढंच म्हणाली. राखीव मुलगी आत गेली. तिच्या हातून पहिलाच चेंडू पुढे सांडला आणि स्क्रम समोरच्यांना मिळाला. आम्ही हरलो.

परतीच्या वाटेवर राखीव मुलगी रडत होती. कर्णधार घोट्याला बर्फाची पिशवी बांधून तिच्या शेजारी बसली होती. धरणगावच्या पुढे गेल्यावर तिने तिला विचारलं, "दुसरा चेंडू तू उचलला ना? तो नही सांडला." दुसरा चेंडू खरंच सांडला नव्हता. माझ्या वहीत ते होतं, पण मला ते त्या वेळी सुचलं नव्हतं. वहीवरून आठवलं, मॅकॉ प्रत्येक सामन्याआधी स्वतःच्या वहीत "पुन्हा सुरुवात" असं लिहायचा.

विश्वचषक दोनदा घेतलेला तो पहिला कर्णधार. 31 ऑक्टोबर 2015 ला लंडनच्या ट्विकेनहॅमवर ऑस्ट्रेलियाला 34-17 असं हरवून न्यूझीलंडने विजेतेपद राखलं, तोवर हे कुठल्याच संघाला जमलं नव्हतं. त्यानंतर 19 नोव्हेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली. आदल्याच दिवशी ऑल ब्लॅक्सचा जुना नामवंत खेळाडू जोना लोमू गेला होता, त्यामुळे सगळा देश दुःखात होता. एकूण 148 कसोटी, त्यातल्या 110 कर्णधार म्हणून, आणि 131 विजय. मी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलींनी वहीत उतरवून घेतले आणि एकीने विचारलं, "मग आता तो काय करतो?"

मला हा प्रश्न आमच्या वर्गातला सगळ्यांत खरा प्रश्न वाटतो. आमच्या मुलींचं खेळणं बहुतेक वेळा दहावीला संपतं. पुढे घरकाम, शेत, लग्न, मजुरी. खेळ संपल्यावर माणूस काय करतो हे त्यांना जिंकण्यापेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. मी त्यांना सांगितलं, तो हेलिकॉप्टर चालवतो. त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवायचे. नातू रग्बी खेळत असतानाच ग्लायडर चालवायला शिकला, मग हेलिकॉप्टर. निवृत्तीनंतर ख्राइस्टचर्चच्या एका हेलिकॉप्टर कंपनीत वैमानिक म्हणून काम करायला लागला. 2016 मध्ये कायकोरा भागात मोठा भूकंप झाला तेव्हा तो हेलिकॉप्टर घेऊन मदतीला गेला होता. डोंगर, नद्या, सायकल असं दिवसेंदिवस चालणाऱ्या साहसी शर्यतींतही भाग घेतला. "म्हणजे खेळताना दुसरं पण शिकत होता," कर्णधार म्हणाली. हो, म्हटलं, नेमकं तेच.

त्यानंतर मी एक नवीन काम सुरू केलं. संघात येणाऱ्या प्रत्येक मुलीने खेळाबरोबर दुसरं काय शिकायचं ते माझ्याकडे सांगायचं आणि त्याची चौकशी मी करायची. पोलीस भरतीची तयारी, नर्सिंगचे प्रवेश, शिवणकाम, संगणकाचा कोर्स, आयटीआयचे अर्ज. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाला कुठल्या पातळीपर्यंत खेळावं लागतं, त्याची प्रमाणपत्रं कशी जपायची, हे मी स्वतः कार्यालयात जाऊन विचारून आले, कारण पालक मला तेच विचारतात. सरावाच्या आधी पंधरा मिनिटं हेच बोलणं चालतं. काही मुलींना हा वेळ वाया जातो असं वाटतं, त्यांना लवकर चेंडू हवा असतो.

कर्णधार दहावी पास झाली. चोपड्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकला प्रवेश घेतला. तिच्या घरी ट्रॅक्टर नाही, पण गावात दुरुस्तीला माणूस लांबून बोलवावा लागतो, हे तिने आधीच हेरून ठेवलं होतं. जाण्याआधी पुढची कर्णधार कोण हे मी तिला विचारलं. तिने आठवीतल्या एका मुलीचं नाव सांगितलं. ती भांडखोर आहे म्हटलं. "हो, पण पडली की सगळ्यांत आधी उठते," तिचं उत्तर तयार होतं.

आता ती दर रविवारी बसने येते आणि सराव सामन्यात पंच म्हणून उभी राहते. शिट्टी मी तिलाच देऊन टाकली आहे. गेल्या रविवारी नव्या कर्णधाराने खाली पडल्या पडल्या पाय आडवा घातला. शिट्टी वाजली, पिवळं कार्ड. आमच्या सातजणांच्या खेळात ते दोन मिनिटांचं असतं. नवी कर्णधार काही बोलायला तोंड उघडणार तोच पंचबाईंनी रेषेकडे बोट केलं, आणि ती जाऊन बसली.